मेणावरचं नख

वसईजवळ सातिवलीतल्या त्या कारखान्याच्या गाळ्यात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझ्या हातात इलेक्ट्रॉनिक्सची नवी कोरी पदवी होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्याचं यंत्र धडधडायचं, वरच्या मजल्यावर आम्ही. एक लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना बसून बोर्डांवर सोल्डरिंगचे डाग देणाऱ्या आठ बायका, कोपऱ्यात काचेची छोटी खोली आणि त्या खोलीत गाळ्यातला एकुलता एक एसी. ती खोली माझी. यंत्रांना गारवा लागतो असं मी गाळ्याच्या मालकांना, आमच्या साहेबांना, सांगितलं होतं. खरं म्हणजे मला उकडायचं.

आम्ही बिनतारी मोडेम बनवायचो. आता मोडेम म्हटलं की घरातली इंटरनेटची डबी डोळ्यांसमोर येते. आमचं काम वेगळं होतं. डोंगरावर पाण्याची टाकी असते, खाली नदीकाठी पंपघर असतं, मध्ये चार-पाच किलोमीटर रान. टाकी किती भरली हे वरच्या डब्याने रेडिओवरून खालच्या डब्याला सांगायचं आणि त्याप्रमाणे पंप चालू-बंद व्हायचा. निरोप आला नाही तर पंप आपला आपण थांबायचा, म्हणजे टाकी उगाच वाहायला नको. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मोबाइल अजून मोठ्या लोकांच्या कमरेला असायचे, आणि असा निरोप पोचवणारा डबा आपल्या वसईत बनतो याचं मला फार अप्रूप होतं.

डब्यात दोन कामं चालायची. एक रेडिओचं, म्हणजे हवेतून योग्य ते स्टेशन नेमकं पकडणं. दुसरं आकड्यांचं. पकडलेला आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजायचा आणि त्या मोजमापांच्या बेरजा-वजाबाक्या करून त्यातून शून्य आणि एक वेगळे काढायचे. हे दुसरं काम एका चिपमधला प्रोग्राम करायचा आणि तो प्रोग्राम मी लिहिलेला. गाळ्यात तो वाचू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं. साहेब स्वतः जुने रेडिओवाले, मुंबईच्या कंपनीत वीस वर्षं काढून आलेले, पण माझा प्रोग्राम पडद्यावर पाहिला की हात जोडून म्हणायचे, "हे तुझं तू बघ."

रेडिओचं काम मात्र मावशींच्या हातात होतं.

मावशी वसईतल्याच गिरीज गावच्या. साहेबांच्या वाडीला लागूनच त्यांची केळीची वाडी. पन्नाशीच्या आतबाहेर वय, नऊवारी नाही, गुडघ्याला दुखतं म्हणून साधी गोल साडी, आणि एका डोळ्याला घड्याळजींचं भिंग. त्या तांब्याच्या तारेची चार-पाच वेढ्यांची कॉइल वळायच्या, बोर्डावर बसवायच्या आणि मीटरच्या काट्याकडे बघत तिचे वेढे अगदी केसभर जवळ किंवा लांब सरकवायच्या. धातूचं हत्यार जवळ नेलं की काटा खोटं बोलतो, म्हणून त्यांचं हत्यार म्हणजे माडाच्या झावळीतला वाळलेला हीर, पात्याच्या मधली बारीक काडी. काटा वर जाऊन थांबला की त्यावर वितळलेलं मेण सोडायच्या, म्हणजे वेढे हलायला नकोत. मेणात राळ किती घालायची हे त्यांनाच ठाऊक. मेण घट्ट होता होता त्या अंगठ्याचं नख त्यात रोवायच्या. एक छोटी चंद्रकोर उमटायची. वाडीत बघून झालेल्या केळीच्या घडावर त्यांच्याकडे अशीच नखाची खूण करत, म्हणजे तोच घड पुन्हा कोणी बघत बसत नाही. इथेही तेच. खूण झाली की तो बोर्ड त्यांच्या लेखी संपला.

मला हे सगळं मागासलेलं वाटायचं. हीर काय, मेण काय, नख काय! "मावशी, बाहेर तयार कॉइल मिळतात, प्लास्टिकमध्ये बंद," मी एकदा म्हणाले.

"मिळतात ना," त्या भिंग न काढता म्हणाल्या. "बाय, पाव पन बाजारात मिळतो. भाकरी कोन थापतं मग?"

आमच्याशी त्या साधं मराठी बोलत, ही अशी 'न' अधूनमधून डोकावायची. साहेबांशी मात्र घरची बोली, ती सुरू झाली की आमच्यासारख्या देशावरून येऊन फ्लॅटमध्ये राहिलेल्यांना निम्मीअधिक कळायची नाही. आणि मला न कळणारं सगळं माझ्याबद्दलच चाललंय अशी माझी खात्री असायची. राग माझ्या नाकावर असायचा तेव्हा. अजूनही असतो, पण आता मी त्याला थोडा वेळ बाहेर बसवते.

अशात एका मोठ्या पाणीयोजनेची चाचणी आमच्याकडे आली. टाकीवर एक मोडेम, पंपघरात एक, आणि जोडीला दोन राखीव. सात दिवस निरोप न तुटता चालले की पुढचं सगळं काम आमचं. गाळ्यात उत्साह होता. मी तर घरी आईला पंपघराचा नकाशाही काढून दाखवला.

पहिल्याच दिवशी दुपारी पंपघरातून फोन आला. बाराच्या सुमारास निरोप तुटले. साडेचारनंतर आपोआप सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तेच. राखीव जोडी लावली, तिसऱ्या दिवशीही तेच. चाचणी थांबली. पाणीयोजनेच्या कार्यालयातले अधिकारी भले, त्यांनी पंधरा दिवसांनी आणखी एक संधी देतो म्हणून सांगितलं. एकच.

फोन ठेवून साहेब टेबलाशी आले तेव्हा डबे उघडलेले होते. दुपारचं जेवण आम्ही सगळे त्या लांब टेबलावरच घ्यायचो. कोणाची वालाची उसळ, कोणाची सुकी मासळी, माझी बटाट्याची भाजी. साहेबांनी उभ्याउभ्याच मला विचारलं, "काय वाटतं तुला?"

आणि मी मोडेम न उघडता, बोर्ड न बघता, घास गिळायच्या आत म्हणाले, "मेण. पंपघराला पत्रा आहे. दुपारी तापतं, मावशींचं मेण पाघळतं, वेढे हलतात, स्टेशन सुटतं. संध्याकाळी गार झालं की परत जागेवर. हे हातचं काम बंद केलं पाहिजे."

सगळं कसं चपखल बसत होतं! मला वाटतं, चूक इतकी चपखल नसती तर मी थोडा विचार तरी केला असता. मावशींनी हातातला घास परत डब्यात ठेवला एवढं मला आठवतं.

साहेबांनी माझं ऐकलं. इंजिनिअर मी होते. मुंबईहून तयार कॉइल मागवायचं ठरलं, आणि कॉइलचं टेबलच राहणार नाही तर मावशींना काम काय, म्हणून महिनाअखेरपर्यंतच त्यांनी यावं असंही ठरलं. हे त्यांना सांगायला साहेब त्यांना जिन्यात घेऊन गेले. लहानपणापासूनची ओळख, साहेबांना ते सगळ्यांसमोर सांगवेना. परत येताना त्या माझ्या काचेच्या खोलीच्या दारात थांबल्या.

"घरी वाडी आहे. मी काय उपाशी नाही मरायची," त्या म्हणाल्या. "पन माझ्या हातानं बिघडलं, हे नाव घेऊन नाही जायची मी इथून."

मी पडद्याकडे वळले. मनात म्हटलं, आता ह्याला मी काय करू.

दोन दिवसांनी चाचणीचे चारही मोडेम परत आले. मी मीटर जोडत होते तेवढ्यात मावशी आत आल्या, न विचारता. त्यांनी चारही बोर्ड काढून माझ्या दिव्याखाली ओळीने मांडले आणि आपलं भिंग माझ्या हातात दिलं.

"बघ."

चारही कॉइलींवर मेण होतं आणि चारही मेणांवर नखाची चंद्रकोर होती. स्वच्छ, धारदार, काल उमटवल्यासारखी. एका बोर्डावर तर त्यांच्या नखाची बारीक चीरसुद्धा दिसत होती.

"पाघळलं असतं तर हे राहिलं असतं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि असं झालं की माणूस जे करतो तेच मी केलं. आवाज चढवला. "मावशी, नुसतं बघून नाही कळत. मोजावं लागतं."

"मग मोज की."

एवढं बोलून त्या गेल्या. भिंग माझ्याकडेच राहिलं.

मी मोजलं ते त्यांच्यासाठी नव्हे. त्यांना खोटं पाडण्यासाठी मोजलं. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात शंभरचा बल्ब लावला, आत मोडेम ठेवला, झाकण लावलं आणि दोन्हीकडे लक्ष ठेवून बसले, कॉइलकडे आणि निरोपांकडे. डबा हाताला चटका देईल इतका तापला. कॉइलचा काटा जागचा हलला नाही. आणि पंधराएक मिनिटांनी निरोप तुटले.

मी पुन्हा एकदा काटा पाहिला. रेडिओ स्टेशन नीट धरून होता, आवाज येत होता, आणि तरीही शून्य-एक चुकत होते. म्हणजे चूक आवाजानंतर होती. आवाजानंतर गाळ्यात फक्त मी होते.

मग मी माझ्या प्रोग्रामच्या पोटात शिरले. उष्णतेने रेडिओतल्या क्रिस्टलचा, म्हणजे स्टेशन ठरवणाऱ्या स्फटिकाचा, ठोका किंचित सरकतो, सगळ्यांचाच सरकतो, ते मान्य केलेलं असतं. तो सरकला की मोजलेले सगळे आकडे थोडे वर उचलले जातात. मी त्यांची बेरीज करायचे. चिपमध्ये बेरजेला ठरावीक जागा असते, तिच्यात आकडा मावला नाही की तो गडगडून थेट उणे होतो. खूप मोठा अधिक, तो एकदम खूप मोठा उणे. एकाचा शून्य. असं होऊ नये म्हणून चिपमध्ये एक सोय असते. ती चालू ठेवली की मावेनासा आकडा कमाल जागेवर थांबतो, उलटत नाही. प्रोग्रामात एका ठिकाणी, जिथे आकडा गोल फिरून परत यायलाच हवा असतो, तिथे मी ती सोय मुद्दाम बंद केली होती. ती पुन्हा चालू करायची ओळ लिहायला मी विसरले होते. माझ्या एसीच्या खोलीत क्रिस्टल कधी तापलाच नाही आणि ती चूक कधी दिसलीच नाही.

एक ओळ. ती लिहिली, चिप भरली, डब्यात ठेवून बल्ब लावला. निरोप चालत राहिले.

आता खरं सांगायचं तर इथे माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नेमकं उलटं झालं. मुंबईहून तयार कॉइलींचं खोकं सकाळीच आलं होतं आणि साहेबांच्या टेबलावर होतं. मला दिसलं की मी काहीच बोलले नाही तरी चालेल. नवीन कॉइल लागतील, त्यांच्यासोबत गुपचूप नवीन चिप जाईल, चाचणी पास होईल, आणि सगळे म्हणतील, बघा, मेणच होतं. प्रोग्राम वाचणारं दुसरं कोणी नाही. मी ही गोष्ट एकदा नाही, वसई स्टेशनपर्यंतच्या रिक्षात आणि नंतर जेवताना आणि नंतर अंथरुणातही मनात घोळवली. मी फार सरळ मुलगी होते असं मला इथे लिहिता आलं असतं. नव्हते. सकाळी दात घासतानासुद्धा माझं ठरलेलं नव्हतं. भिंग तेवढं पर्समध्ये होतं, ते परत द्यायला हवं होतं.

गाळ्यात गेले तर मावशी टेबलाशी बसून आपली हत्यारं आवरत होत्या. हीर एका कागदात गुंडाळत होत्या. वाळलेला हीर! वाडीत त्यांना त्याचे भारे मिळाले असते. तरी त्या कागदाची नीट घडी घालून तो गुंडाळत होत्या. ते बघून मी तशीच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. किती घाईने सांगितलं असेल ते त्यांनाच माहीत, त्यांना दोनदा विचारावं लागलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ते खोकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? जिथे बोललीस तिथेच बोल."

म्हणून दुपारी, सगळ्यांचे डबे उघडल्यावर, मी उभी राहिले. "मेण पाघळलं नव्हतं," मी म्हणाले. "मावशींच्या कॉइल एकदम बरोबर होत्या. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. मी न बघता त्यांचं नाव घेतलं." आणखी काही बोलायचं होतं, पण रडू आलं आणि मी खाली बसले.

मावशी जेवत राहिल्या. मग पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "म्हंजे नेमकं चुकलं काय?"

मला वाटलं त्या टोमणा मारतायत. पण त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी डोळे पुसून सांगायला लागले. आकडे, जागा, मावत नाही, उलटतो. टेबलावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या, कोणाला काही कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "असं समजा, टाकी काठोकाठ भरली आणि आणखी थोडं पाणी आलं की टाकी एकदम रिकामी दिसायची."

"वरून वाहायला नळी असते ना टाकीला," मावशी म्हणाल्या.

"हो. तशी नळी चिपमध्ये पण असते."

"आनि ती तू बंद केलीस."

"बंद केली आणि उघडायला विसरले."

टेबलावर एकदम हसू फुटलं. मावशीही हसल्या. माझी चूक इतक्या कमी शब्दांत मला आजवर कोणी सांगितलेली नाही, आणि इंजिनिअरांच्या खूप बैठकांत मी नंतर बसले आहे. त्यांनी आपल्या डब्यातलं बोंबलाचं कालवण माझ्या भातावर वाढलं. आमच्या घरी शनिवारी चालत नाही, आणि त्या दिवशी शनिवार होता. मी खाल्लं.

चाचणी पुन्हा झाली ती मावशींच्याच कॉइलींवर. तयार कॉइलींचं खोकं न फोडता परत गेलं. सात दिवस मी फोनशेजारी बसून होते आणि सात दिवस पंपघरातून एकही फोन आला नाही. आठव्या दिवशी काम आमचं झाल्याचं कळवायला फोन आला तेव्हा साहेबांनी तो मावशींना घ्यायला लावला. त्या फोनवर नुसतं "बरं, बरं" म्हणाल्या आणि कामाला बसल्या.

त्या कामाचा पहिला बोर्ड तयार झाला तेव्हाची गोष्ट. मावशींनी मेण सोडलं, नख रोवलं, आणि बोर्ड पुढे पाठवायच्या ऐवजी माझ्यासमोर सरकवला. मी विचारलं, काय झालं? त्यांनी चिपकडे बोट दाखवलं. त्या काळी प्रोग्राम भरायच्या चिपला वर काचेची खिडकी असायची. उजेडाने आतलं पुसलं जाऊ नये म्हणून तिच्यावर चंदेरी पट्टी चिकटवायचो.

"बघून झालं ना तुझं? मग लाव नख."

मी अंगठ्याचं नख त्या पट्टीत रोवलं. वेडंवाकडंच उमटलं. पण ते उमटवण्याआधी मी त्या बोर्डाला परत एकदा बिस्किटाच्या डब्यात घालून, बल्ब लावून, तापवून बघितलं होतं, हे मात्र सांगायला हवं. पुढे सहा वर्षं मी तिथे होते. मोजल्याशिवाय मी नख लावलं नाही. नंतर मोठ्या कंपन्यांत गेले, तिथे चिपवर पट्टी नसायची आणि नखाला जागा नसायची, तरी माझ्या हाताखालची मुलं चुकीचं कारण तावातावाने सांगायला लागली की माझ्या तोंडून त्याच सुरात निघतं, मग मोज की. त्यांना वाटतं हा माझा शब्द आहे.

मध्ये बरीच वर्षं गेली. मावशींची नजर गेली आणि त्यांनी काम सोडलं. पाणीयोजना मोबाइलच्या यंत्रणेवर गेली आणि जुने मोडेम काढून टाकले. साहेबांनी त्यातला एक माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. गंजलेला डबा, आत पाली राहून गेलेल्या. आतला बोर्ड शाबूत होता. तो घेऊन मी गिरीजला गेले.

मावशी पडवीत बसल्या होत्या. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, मला बसवलं, केळी आणायला सांगितली. मी बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि काय आहे ते सांगितलं नाही. त्यांची बोटं तारा, चिपा, डाग चाचपत फिरली आणि कॉइलीवर थांबली. अंगठा मेणावरून हळूच गेला, चंद्रकोरीत बसला. त्यांनी मान हलवली.

मला वाटलं झालं. पण त्या थांबल्या नाहीत. बोटं बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली, पट्टी शोधून काढली आणि तिच्यावरून दोनदा फिरली.

"तुझं पन आहे," त्या म्हणाल्या, आणि बोर्ड मला परत दिला.